विश्लेषण : गर्भपाताचा कायदा ‘जीव कधी सुरू होतो’ हे का सांगत नाही?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आहे, तर दुसऱ्या टोकाला धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यावस्त्या आणि ताम्हिणी घाट. गर्भपाताचा कायदा दोन्हीकडे एकच लागू होतो. नको असलेली किंवा धोक्याची गर्भधारणा समोर आली की दोन्हीकडच्या घरांत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे पाप तर नाही ना? आणि हा गुन्हा तर नाही ना? पहिल्याचे उत्तर धर्माकडे शोधले जाते, दुसऱ्याचे कायद्याकडे. पण धर्म या विषयावर एका सुरात बोलत नाहीत आणि कायद्याने तर जीव कधी सुरू होतो, हा मूळ प्रश्नच बाजूला ठेवला आहे. तो का आणि त्याचे परिणाम काय, याविषयी…

हिंदू ग्रंथ नेमके काय सांगतात?

भ्रूणहत्या हे महापाप, ही समजूत मराठी घरांत खोलवर रुजलेली आहे आणि तिला ग्रंथांचा आधारही आहे. गर्भ पाडणाऱ्या स्त्रीला मृत्यूनंतर उदकदानही करू नये, असे मनुस्मृती सांगते. मात्र गर्भात जीव कधी येतो, याचे उत्तर ग्रंथागणिक बदलते. शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग झाला की गर्भ बनतो, अशी चरकसंहितेची मांडणी आहे. म्हणजे जीव सुरुवातीपासूनच आहे. गर्भोपनिषद मात्र गर्भाचा जीवाशी संयोग सातव्या महिन्यात होतो असे म्हणते.

गर्भस्राव झाल्यास जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या रात्री अशौच पाळावे, असा नियमही मनुस्मृतीतच आहे. जन्मलेल्या माणसाच्या मृत्यूइतके सुतक त्याला नाही आणि गर्भ जितका वाढलेला तितके अशौच अधिक. गर्भाच्या वयानुसार त्याचे मोल चढत जाते, ही कल्पना त्यामागे दिसते. आजचा कायदा आठवडे मोजतो, हा नियम महिने मोजत होता.

‘भ्रूणहा’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. वसिष्ठ धर्मसूत्रात तो दोघांसाठी वापरला आहे. एक, ब्राह्मणाची हत्या करणारा आणि दुसरा, लिंग न कळलेला गर्भ मारणारा. लिंग कळलेले नाही म्हणजे तो गर्भ मुलाचाही असू शकतो, ही शक्यता त्या पापाच्या तीव्रतेत धरलेली आहे. जीवाचे पावित्र्य सांगताना कोणाचा जीव, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.

वैद्यकाचे ग्रंथ याच प्रश्नाकडे बाळंतिणीच्या खाटेजवळून पाहतात. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या गर्भाच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. जिवंत गर्भ शस्त्राने कापू नये, कारण त्यात आई आणि मूल दोघेही जातील, असे तो बजावतो. मृत गर्भ मात्र पोटात क्षणभरही ठेवू नये, कारण तो आईचा जीव घेईल, असेही सांगतो. इथे पाप-पुण्याचा हिशेब नाही, कोण वाचू शकते याचा आहे.

इतर धर्मांची भूमिका काय?

इस्लाममध्ये हदीसच्या आधारे गर्भात रूह फुंकली जाण्याचा काळ साधारण १२० दिवसांचा मानला जातो. त्याआधी सबळ कारण असेल तर गर्भपाताला मुभा आहे, असे हनफी परंपरेतील अनेक विद्वान मानतात. मालिकी परंपरा त्याहून कडक आहे. १२० दिवसांनंतर मात्र आईच्या जिवाला धोका असेल तरच, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

कॅथलिक चर्चची आजची शिकवण सर्वात स्पष्ट आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून जीव पूर्ण मानवी आहे आणि हेतुपुरस्सर केलेला गर्भपात कोणत्याही टप्प्यावर अमान्य आहे. आईचा कर्करोग झालेला गर्भाशय काढताना गर्भ जातो, तेव्हा मात्र हेतू उपचाराचा असल्याने तो प्रकार वेगळा धरला जातो. ही भूमिका कायम इतकी एकरेषीय नव्हती. तेराव्या शतकातले थॉमस अक्वायनस हे गर्भात मानवी आत्मा काही काळाने येतो असे मानत. सुरुवातीचा आणि नंतरचा गर्भ हा भेद चर्चच्या दंडसंहितेतून १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी काढून टाकला.

बौद्ध विनयात गर्भपात घडवून आणणाऱ्या भिक्षूला संघातून काढण्याची शिक्षा आहे. जैन विचारात गर्भातील जीव पंचेंद्रिय मानला जात असल्याने तो मारणे ही हिंसाच. पण भिक्षूसाठीचा नियम आणि गृहस्थासाठीचा कायदा या दोन गोष्टी आहेत, याचे भान महाराष्ट्रात फार आधी दिसते. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेला ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर खंगते, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. ठराव नामंजूर झाला. तो गर्भनिरोधाबद्दल होता, गर्भपाताबद्दल नव्हे. पण मातृत्व हा निवडीचा विषय आहे, ही मांडणी त्यातून विधिमंडळात आली.

पुण्याचा या वादाशी संबंध काय?

गर्भाच्या पावित्र्याबद्दलचा पुण्यातला सर्वात ठोस हस्तक्षेप कायद्याने नव्हे, तर एका घराने केला. १८६३ मध्ये महात्मा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवा पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती, पण उच्चवर्णीय समाजाने ती स्वीकारलेली नव्हती. विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे जिवावर बेतणारा गर्भपात, जन्मलेल्या मुलाची हत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. गर्भहत्या पाप ठरवणारा समाज त्या विधवेला आणि तिच्या मुलाला घरात घ्यायला मात्र तयार नव्हता. फुले दाम्पत्याने तिला गुपचूप, सुरक्षित बाळंत होण्याची जागा दिली आणि मूल ठेवून जाण्याची मुभा दिली. पुढे त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा.

त्याच सुमारास, १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता आली. तिच्या कलम ३१२ ने गर्भपात गुन्हा ठरवला आणि स्वतः गर्भ पाडणाऱ्या स्त्रीलाही आरोपी केले. गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतरच्या गर्भपाताला शिक्षा जास्त ठेवली. म्हणजे इंग्रजांच्या फौजदारी कायद्यातही गर्भाचे मोल काळानुसार चढते होते. ही तरतूद इतिहासजमा झालेली नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये ती जवळपास तशीच आहे.

विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या प्रचारापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. त्या काळी गर्भपातच काय, गर्भनिरोधही अनैतिक मानला जाई.

१९७१ चा कायदा कशासाठी आला?

केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्रातील मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला. असुरक्षित गर्भपातांमुळे स्त्रियांचे मृत्यू होत होते आणि त्यात विवाहित, मुलेबाळे असलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, ही बाब या चर्चेच्या मुळाशी होती. त्यातून वैद्यकीय गर्भपात कायद्याला १० ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

या कायद्याने एक गोष्ट जाणूनबुजून टाळली. गर्भ हा माणूस आहे की नाही, यावर त्यात एकही ओळ नाही. स्त्रीला गर्भपाताचा हक्क आहे, असेही तो म्हणत नाही. ठरावीक अटी पाळून नोंदणीकृत डॉक्टरने गर्भपात केल्यास तो कलम ३१२ चा गुन्हा ठरणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक, मानसिक आरोग्याला धोका आहे का, हा प्रश्न कायदा डॉक्टरला विचारतो. त्यामुळे १९७१ मध्ये देशात धर्म विरुद्ध कायदा असा अमेरिकेसारखा संघर्ष उभा राहिला नाही. पण त्याची किंमतही होती. निर्णय स्त्रीचा न राहता डॉक्टरच्या मताचा झाला.

आज कायदा काय परवानगी देतो?

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरले, हेही मान्य कारण आहे आणि ते आता केवळ विवाहितेपुरते मर्यादित नाही. २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यात दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा ठरावीक गटांना आहे. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया, अपंग आणि मनोरुग्ण स्त्रिया, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या स्त्रिया, तसेच आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितले तरच परवानगी मिळते. स्त्रीचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही.

संमती फक्त त्या स्त्रीची लागते. पतीची, सासूची किंवा आईवडिलांची नाही. अपवाद अल्पवयीन आणि मनोरुग्ण स्त्रियांचा. तिथे पालकांची लेखी संमती हवी. स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रियांनाही दिली आणि या कायद्यापुरता पतीने केलेला बलात्कारही बलात्कार धरला.

धर्म बाजूला ठेवला तर एकमत होते का?

तसे झालेले नाही, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. २००८ मध्ये मुंबईतील एका गर्भवतीच्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे २० आठवड्यांची तेव्हाची मर्यादा उलटल्यावर निदर्शनास आले. ती, तिचा पती आणि डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परवानगी नाकारली आणि काही दिवसांतच तिचा गर्भपात आपोआप झाला. त्या प्रकरणाने सुरू केलेली चर्चा १३ वर्षांनी मर्यादा २४ आठवड्यांवर जाण्यापर्यंत पोहोचली.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. गर्भ ३२ आठवड्यांहून मोठा होता आणि त्यात गंभीर व्यंगे होती. वैद्यकीय मंडळाने गर्भपाताविरुद्ध मत दिले. निवडीचा हक्क मंडळाचा नव्हे, स्त्रीचा आहे, अशी भूमिका घेत न्यायालयाने परवानगी दिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीतून उलटे चित्र दिसले. दोन मुलांची आई असलेली आणि प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर उपचार घेणारी विवाहिता २६ आठवड्यांच्या गर्भासह सर्वोच्च न्यायालयात आली. खंडपीठाने आधी परवानगी दिली. गर्भ जगण्याची शक्यता आहे, असे एम्सच्या डॉक्टरने कळवल्यावर त्याच खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. अखेर १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या खंडपीठाने परवानगी नाकारली. या सगळ्या वादात कोणी धर्मग्रंथ पुढे केला नव्हता. एका बाजूला स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क होता, तर दुसऱ्या बाजूला गर्भाशयाबाहेर जगू शकेल अशा गर्भाबद्दल राज्याची जबाबदारी.

यात अपंग हक्क चळवळीचा तिसरा आवाज आहे. २४ आठवड्यांनंतर केवळ व्यंग असेल तरच परवानगी देणे म्हणजे अपंग जीवाचे मोल कमी लेखणे, असा आक्षेप घेतला जातो. तोही जीवाच्या पावित्र्याचाच युक्तिवाद आहे, पण देवाच्या नावाने नव्हे, समतेच्या नावाने केलेला.

जीव कधी सुरू होतो, हे राज्यघटनेनेच ठरवले तर?

त्याचे उदाहरण बेळगावच्या घरापर्यंत पोहोचलेले आहे. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ मध्ये आठवी दुरुस्ती झाली आणि न जन्मलेल्या जीवाला आईइतकाच जगण्याचा हक्क मिळाला. बेळगाव माहेर असलेल्या दंतवैद्यक सविता हलप्पनवार २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या १७ आठवड्यांच्या गर्भवती होत्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होते. त्यांनी गर्भपाताची विनंती केली. पण गर्भाचे ठोके सुरू असल्याने ती मान्य झाली नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. दोन जीव समान ठरवले, तरी खाटेजवळ उभ्या डॉक्टरला निर्णय घ्यावाच लागतो आणि शिक्षेच्या भीतीने तो उशिरा घेतला जातो, हा त्यातला धडा.

स्त्रीभ्रूणहत्या आणि गर्भपात एकच आहेत का?

नाहीत. महाराष्ट्रात मात्र ही सरमिसळ सर्वात महागात पडली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो नीट राबवला जावा म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. २०१२ मध्ये बीडमधील परळीचे आणि मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळचे प्रकरण उघड झाले. म्हैसाळमध्ये एका विवाहितेचा गर्भपातादरम्यान मृत्यू झाल्यावर ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले.

या दोन कायद्यांत फरक असा, की गुन्हा लिंग तपासण्याचा आणि त्यावरून गर्भ निवडण्याचा आहे, गर्भपाताचा नव्हे. महिला संघटनांनी म्हणूनच दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या. गर्भपाताचा हक्क हवा आणि लिंगनिवडीवर बंदीही हवी. पण कारवाईचा धाक सरसकट पसरला. परळीच्या प्रकरणानंतर राज्यात अनेक औषध विक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. या गोळ्या गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत वापरायच्या असतात. लिंग तर सोनोग्राफीत त्यानंतर कळते. म्हणजे ज्या टप्प्यावर लिंगनिवड शक्यच नाही, त्याच टप्प्यावरचा सुरक्षित मार्ग अडला.

‘भ्रूणहत्या’ हा शब्दही इथे नकळत काम करतो. मुलीचा गर्भ पाडण्याविरुद्धच्या फलकांवर तो वर्षानुवर्षे वापरला गेला. त्यामुळे कोणताही गर्भपात म्हणजे हत्या, हा अर्थ सरकारी मोहिमेतूनच घराघरांत गेला.

मुळशीसारख्या तालुक्यात खरा प्रश्न कोणता?

आठवड्यांचा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या स्त्रीला चुकलेली पाळी, चाचणी, सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हे सगळे काही किलोमीटरच्या परिघात मिळते. धरणापलीकडच्या वाडीतली किंवा कामासाठी वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातली स्त्री पावसाळ्यात निघाली, तर आधी उपकेंद्र, मग पौड आणि तिथे सोय झाली नाही तर आणखी सुमारे ३० किलोमीटरवर पुणे. सरकारी रुग्णालयाला गर्भपात केंद्र म्हणून वेगळी मान्यता लागत नाही, खासगी रुग्णालयाला जिल्हास्तरीय समितीची लागते. पण मान्यता असणे आणि त्या दिवशी प्रशिक्षित डॉक्टर जागेवर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक फेरीत एखादा आठवडा जातो. २० आठवडे ओलांडले की दुसऱ्या डॉक्टरचे मत लागते, २४ ओलांडले की वैद्यकीय मंडळ आणि मंडळाने नकार दिला की मुंबईचे उच्च न्यायालय.

उशीर शरमेमुळेही होतो. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तो हमखास होतो, कारण बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. संमतीच्या संबंधांतून गर्भ राहिला असेल आणि मुलीची आणि पालकांची तशी विनंती असेल तर तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातील १४ वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीच्या प्रकरणात २२ एप्रिलला दिलेली गर्भपाताची परवानगी न्यायालयाला २९ एप्रिलला मागे घ्यावी लागली. गर्भ तोवर इतका वाढला होता, की मुलीच्या जिवाच्या काळजीने पालकांनीच विचार बदलला. तिथे निर्णय श्रद्धेने केला नाही आणि कायद्यानेही नाही. तो उशिराने केला.

गर्भपात पाप मानणारी स्त्री कायद्यामुळे तो करायला बांधील होत नाही आणि तिच्यावर कोणी तो लादूही शकत नाही, कारण संमती तिचीच लागते. पाप न मानणाऱ्या स्त्रीलाही कायदा मोकळे रान देत नाही. १९७१ मध्ये जीव कधी सुरू होतो हे न ठरवता कायद्याने दोघींना एका छताखाली आणले. श्रद्धा आणि विज्ञान यांचे त्या प्रश्नावर एकमत होण्याची चिन्हे नाहीत. मात्र स्त्रीचा जीव आधी वाचवावा, यावर सुश्रुतापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत मोठी सहमती दिसते. ती पाळायची तर पहिल्या १२ आठवड्यांत सल्ला, चाचणी आणि प्रशिक्षित डॉक्टर पौडच्या पलीकडेही मिळायला हवा.